मेडल येईन ना!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हुडको कॉलनीतल्या घरी नातू टीव्हीसमोर बसला होता. एकदम ओरडला, "आजोबा, जल्दी आओ! तुम्हारा वाला एक्सरसाइज दिखा रहे हैं!" मी चष्मा शोधत गेलो. पडद्यावर एका बागेत पन्नासेक चिनी म्हातारे-म्हाताऱ्या अगदी सावकाश हात वर नेत होते, सावकाश पाय उचलत होते. ते सगळं मला येत होतं. "इसको ताई ची बोलते हैं," नातू म्हणाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या यमुनाबाईंचा आवाज आला, "कोणत्या ताईची?"

तर असं आहे. ज्या व्यायामात मी जन्म घालवला, त्याचं खरं नाव मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. भिलाईत आम्ही त्याला 'मेडलेन्ना' म्हणायचो. आता आमच्या मराठी मंडळाच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं आहे, तेव्हा हे नाव कुठून आलं ते एकदाचं सांगून टाकतो. त्यात माझी फजिती आहे, पण आता या वयात लपवून काय करायचं?

मी मूळचा तिरोड्याकडचा. घरी धानाची शेती, गावात आखाडा. मॅट्रिक झाल्यावर उन्हाळ्यात अमरावतीला जाऊन व्यायामशिक्षकाचा कोर्स केला. दंड, बैठका, लेझीम, लाठी, कवायत. सहा आठवड्यांत सगळं उरकून हातात सर्टिफिकेट आलं. ते घेऊन सत्तावन्न साली भिलाईला आलो. कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल माती, खड्डे, लोखंडाचे खांब आणि पळणारी माणसं. ट्रेनिंग सेंटरमध्ये अप्रेंटिस मुलांना सकाळी पी.टी. शिकवायला मला घेतलं. मी शिट्टी फुंकायचो आणि शंभर पोरं धावायची. सगळी भिलाई धावत होती, त्यात आम्हीही.

आमच्या मैदानाच्या कडेला एका सकाळी एक रशियन साहेब दिसले. उंच, रुंद, पन्नाशीचे, अंगात बनियन. ते उभे होते आणि त्यांचा एक हात इतक्या हळू वर जात होता की मला वाटलं यांना झटका आला आहे. मी पळत जाऊन पाण्याचा लोटा पुढे केला. ते पाणी प्यायले, त्यांनी मान लववली, लोटा परत दिला आणि हात पुन्हा तिथूनच वर न्यायला सुरुवात केली.

हे ग्रीशिन साहेब. लोखंडी सांगाडा उभारणीचे इंजिनिअर. भिलाईला येण्याआधी तीन वर्षं ते चीनमधल्या एका पोलाद कारखान्यात होते. तिथल्या भट्टीवरच्या एका म्हाताऱ्या कामगाराकडून ते हा व्यायाम शिकले होते. पण हे मला फार नंतर कळलं. तेव्हा ना त्यांना हिंदी येत होती, ना मला रशियन. दुसऱ्या दिवशी पोरांना मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावून मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि ते करतील तसं करू लागलो. सर्टिफिकेटवाला माणूस मी, मला काय कठीण? त्यांचा हात वर जाईपर्यंत माझा वर जाऊन खालीही यायचा. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि दोन्ही तळवे खाली दाबत म्हणाले, "मेदलेन्ना."

आता आमच्याकडे, म्हणजे भंडारा-नागपूरकडे, 'येईल' असं कोणी म्हणत नाही. पाहुणा येईन, गाडी येईन, सून येईन. साहेब म्हणाले 'मेदलेन्ना' आणि मी ऐकलं, 'मेडल येईन ना!'

वाचणाऱ्यांनी हसण्याआधी एक ध्यानात घ्यावं. त्या काळी रशियन लोक कोणालाही बिल्ले द्यायचे. हात मिळवला की छातीवर लाल बिल्ला. फोरमनला मिळाले होते, ड्रायव्हरला मिळाले होते, साहेबांच्या बंगल्यावरच्या माळ्यालाही मिळाला होता. तेव्हा व्यायामात तरबेज झालेल्या मास्तरला मेडल मिळणार यात अशक्य ते काय? आणि ते तळवे खाली दाबणं! धीर धर, येईन, असाच त्याचा अर्थ मी घेतला.

मग काय विचारता. साहेब रोज म्हणायचे, "मेदलेन्ना, मेदलेन्ना," आणि मी रोज छाती काढून आणखी जोरात करायचो. त्यांचं एक आवर्तन होईपर्यंत माझी तीन व्हायची. साहेबांचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, मेडल यायला उशीर होतो आहे म्हणून बिचाऱ्यांना वाईट वाटतं. मी त्यांना हातानेच सांगायचो, असू द्या, घाई नाही.

घरी यमुनाला सांगितलं. तेव्हा आमचं नवीन लग्न झालेलं, कॅम्पमध्ये एक खोली. तिने देवाच्या फोटोशेजारी भिंतीत खिळा ठोकून घेतला. "मेडल अटी लावू," म्हणाली. अटी म्हणजे इथे. शेजारच्या दोन बायांना दाखवलाही तो खिळा.

असे सहा महिने गेले. मग एका भट्टीचं काम वेळेआधी पुरं झालं म्हणून मैदानात समारंभ ठरला. बिल्ले वाटणार होते. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. नावं पुकारली गेली. वेल्डर गेले, क्रेनवाले गेले, एक स्वयंपाकीही गेला. माझं नाव आलं नाही. समारंभ संपल्यावर मी सरळ कुमुदबाईंना गाठलं.

कुमुदबाई नागपूरच्या धरमपेठेतल्या. दिल्लीला रशियन शिकून आलेल्या, साहेबांच्या दुभाषी. शुद्ध मराठी बोलायच्या, त्यामुळे त्यांच्यासमोर आमची जीभ जरा अडखळायची.

"बाई, साहेबाले विचारा न, माह्यं मेडल कवा येईन?"

"कोणतं मेडल?"

"रोज तं म्हणतात. सहा महिने झाले. मेडल येईन ना, मेडल येईन ना."

मग त्यांनी विचारलं, "मास्तर, साहेब 'मेदलेन्ना' म्हणतात का?"

"हाव जी, तेच तं."

कुमुदबाई बाजूच्या स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "अहो, 'मेदलेन्ना' म्हणजे 'हळू'. साहेब तुम्हाला सहा महिने 'हळू, हळू' म्हणतायत!"

त्यांनी ग्रीशिन साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूसही हसणार. ते हसले नाहीत. काहीतरी बोलले. बाईंनी सांगितलं, "साहेब म्हणतात, बरं झालं कळलं. ते समजत होते की, भारतीय माणसाला हळू सांगितलं की राग येतो, म्हणून तो जास्त पळतो."

ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्या कारखान्यात पसरली. व्यायामाला नाव नव्हतंच, ते असं पडलं. खिळ्यावर पुढे बरीच वर्षं आमची छत्री टांगलेली असायची.

त्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं, आणि तेव्हा कळलं की अमरावतीचं सर्टिफिकेट इथे चालत नाही. बाहेरच्या लोकांसाठी थोडं समजावून सांगतो. आमच्या आखाड्यात शिकणं म्हणजे रोज थोडं जास्त करणं: आज पन्नास बैठका, उद्या साठ. इथे रोज थोडं कमी करायचं. पहिले तीन महिने नुसतं उभं राहायचं. गुडघे जरासे वाकवून, खांदे सोडून. ग्रीशिन साहेब मागून येऊन एका बोटाने पाठीला ढकलायचे. पुढे पाऊल पडलं, तर उभं राहणं अजून आलं नाही. दंडबैठकांनी कमावलेलं माझं अंग एका बोटाने पुढे पडायचं आणि माझ्यासारखाच शिकायला येणारा एक बारका बंगाली स्टोअरकीपर जागचा हलायचा नाही. तो म्हणायचा, "आमि तो ऑफिस में भी ऐसाई रहता हूँ." ते खरंही होतं. त्याच्याकडून एक नट-बोल्ट मिळवायला सकाळची दुपार व्हायची.

उभं राहणं आलं की चालणं. सगळं वजन एका पायावर द्यायचं, दुसरा मोकळा करायचा, टाच ठेवायची, आणि जमीन हो म्हणेपर्यंत वजन द्यायचं नाही. मग वळणं. मग हातांसकट ओळीने सगळ्या हालचाली. हे सगळं येत असलं, तरी दुसऱ्याला शिकवायचं नाही. शिकवायची परवानगी गुरू देतो: चार लोकांसमोर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, हा आता शिकवू शकतो. बस. कागद नाही, शिक्का नाही, परीक्षेची तारीखही नाही. ग्रीशिन साहेबांना त्या चिनी म्हाताऱ्याने तीन वर्षांनी, निघायच्या आदल्या दिवशी परवानगी दिली होती.

मी एकदा कुमुदबाईंमार्फत विचारलंच, की साधारण किती दिवस लागतील? साहेबांनी उत्तर दिलं ते एकाच शब्दाचं. तो कोणता ते सांगायला नको. या वेळी मला बरोबर ऐकू आलं.

इथेच एक मनातली गोष्ट सांगतो. पुढे बासष्ट साली चीनशी लढाई झाली तेव्हा लोक विचारायचे, मास्तर, हे चिनी आहे म्हणतात, खरं का? मी म्हणायचो, छे हो, रशियन आहे. तोवर या व्यायामाचा वर्ग सुरू झाला होता, तो वाचला. पण भट्टीवरच्या त्या म्हाताऱ्याचं नाव मला माहीतही नव्हतं आणि मी त्याचं असणंही पुसून टाकलं, हे मला अजून टोचतं.

चालायला मात्र मला साहेबांनी शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्यांनीच एक दिवस माझा हात धरून मला एका बांधकामापाशी नेलं. तिथे रेजा, म्हणजे मजूर बाया, डोक्यावर विटा घेऊन तिरप्या फळीवरून वर जात होत्या. सगळ्यांत पुढे अहिवाऱ्याकडची फुलबासन होती. डोक्यावर विटांची चळत, हात मोकळे, मान ताठ, आणि पाय असे पडत होते की फळीचा आवाज येत नव्हता. साहेबांनी तिच्या पायांकडे बोट केलं आणि मला तिथे बसवून निघून गेले. मी आठ दिवस सकाळी तिथे जाऊन बसलो. नवव्या दिवशी फुलबासनने कमरेवर हात ठेवले.

"गुरुजी, रोज-रोज का देखथव?"

मी सांगितलं, चालायला शिकतो आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या. मी तिला आमची चाल करून दाखवली. तिने नीट पाहिली आणि म्हणाली, "आँखी ले नइ गुरुजी, गोड़ ले देख." डोळ्यांनी नाही, पायांनी पाहा. दोन वर्षं साहेब हेच सांगत होते, पण मला ते फुलबासनच्या तोंडून कळलं.

आता दौलतची गोष्ट.

दौलत साकोलीकडचा. तिशीचा, काटक, उंचीवर काम करणारा खलाशी. खलाशी म्हणजे इथे समुद्रावरचा नव्हे. लोखंडी बीम वर चढवणारे, जोडणारे, त्यावरून चालत जाणारे कामगार. यांच्यात मोठेपणा चालण्याच्या वेगावर. वीतभर रुंदीच्या बीमवरून जो पळत जाईल तो खरा. दौलत असाच पळायचा. एक दिवस दुसऱ्या मजल्यावरून पडला. नशीब चांगलं म्हणून वाळूच्या ढिगावर पडला, एक हाड मोडलं नाही. पण नंतर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्याचे गुडघे थरथरायचे. गँगमधल्या लोकांनी महिनाभर सांभाळून घेतलं, त्याला खालची कामं दिली. मग हुकूम आला, की सगळ्या खलाशांची बीमवर चालण्याची परीक्षा होणार. पास झाला तो राहील, नाही झाला त्याचं नाव कमी होईल. तीन महिन्यांची मुदत होती.

दौलत माझ्याकडे आला. "मास्तर, मले मेडलेन्ना शिकवा."

"मले शिकवाची परवानगी नाई रे."

"मंग मी घरी जातो जी. अटी राहून काय करू? गावी दोन भाऊ हायेत, त्याईचंच भागत नाई."

मी ग्रीशिन साहेबांकडे गेलो. त्यांचा मुक्काम तीन महिन्यांनी संपत होता, कामाचा डोंगर होता. ते म्हणाले, मला वेळ नाही. मग जरा विचार करून म्हणाले, "तू त्याच्यासोबत कर. शिकवू नको. सोबत कर."

आता खरं सांगतो, माझ्याही मनात एक गणित होतं. ट्रेनिंग सेंटरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की ग्रीशिन जाण्याआधी तुला शिकवायला योग्य म्हणाले, तर या व्यायामाचा एक वर्ग तुझ्या नावाने कायमचा करू. दौलत पास झाला तर साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवतील, हे मी मनात पक्कं धरलं होतं.

आम्ही दोघं रोज सकाळी जुनवानीच्या वाटेवर, शेताच्या कडेला उभे राहायचो. आधी नुसतं उभं राहणं. दौलत वैतागायचा. "असं हळूहळू करून काय होते जी? बीमवरून तं पटकन निंगून जा लागते."

"पटकन जातानाच पडला न तू?"

"हाव," तो म्हणायचा आणि पुन्हा उभा राहायचा.

मग खडूच्या रेघेवर चालणं, मग जमिनीवर पडलेल्या रुळावर, मग फुलबासनच्या फळीवर. तिने दौलतला आधी खालच्या टोकाशी नुसतं उभं केलं. दुसऱ्या आठवड्यात मध्यावर. तिसऱ्या आठवड्यात फळीच्या वरच्या टोकाला नेऊन त्याच्या डोक्यावर दोन विटा ठेवल्या आणि म्हणाली, आता वळ आणि खाली ये. दौलत घामाने भिजला, पण उतरला. तिने विटा काढून घेतल्या आणि आपल्या कामाला लागली.

परीक्षेचा दिवस आला. दोन खांबांच्या मध्ये तीस फुटांवर एक बीम. खाली टेबल टाकून परीक्षा घेणारे पंजाबी साहेब, समोर कागद. गँगमधले सगळे लोक जमलेले. ग्रीशिन साहेब आणि कुमुदबाईही आल्या होत्या. मी साहेबांच्या शेजारी, सगळ्यांत पुढे. सकाळी आठ जण पळत पार झाले. मग चहाची सुट्टी झाली आणि सुट्टीनंतर पहिलं नाव दौलतचं.

कमरेला दोर होता, पण पाय कापायचे ते दोरामुळे थांबत नाहीत. दौलत शिडी चढला. बीमवर उभा राहिला. चालायला लागला तो आमच्याच चालीने. टाच, मग वजन. टाच, मग वजन. गँगमधले लोक कुजबुजले, एक जण हसलाही. मी मनात प्रत्येक पाऊल मोजत होतो आणि प्रत्येक पाऊल बरोबर पडत होतं.

अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर तो थांबला.

थांबला तो थांबलाच. मग हळूहळू खाली बसला आणि बीमला हात लावला. "गेला," मागून कोणीतरी म्हणालं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी पेन उचललं.

आता जे लिहितो ते मी यमुनाशिवाय आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मी मागे सरकलो. ग्रीशिन साहेबांच्या रुंद पाठीमागे जाऊन उभा राहिलो, की याला कोणी तयार केलं असं विचारलं तर नजर माझ्यावर पडू नये. तो वर तीस फुटांवर वाकलेला होता आणि मी माझ्या वर्गाचा विचार करत होतो. मला त्याची अजून लाज वाटते.

वर काय झालं ते मी साहेबांच्या खांद्याआडून पाहिलं. दौलत उठला. पुढे गेला नाही. सगळं वजन एका पायावर घेतलं, दुसऱ्या पायाची टाच उचलली, चवडा फिरवला, आणि त्या वीतभर लोखंडावर संथपणे मागे वळला. वळून आमच्याकडे पाहिलं. मग जसा गेला होता तसाच परत आला. शिडी उतरला आणि टेबलासमोर उभा राहून त्याने उजवा हात पुढे केला. दोन बोटं लाल होती.

"साहब, उधर रंग गीला है."

चहाच्या सुट्टीत रंगवाल्यांनी दुसऱ्या टोकाकडून रंग मारायला घेतला होता. जुना रंग लाल, नवाही लाल. खालून काही कळत नव्हतं. पंजाबी साहेबांनी एक माणूस पलीकडच्या शिडीने वर पाठवला. तो उतरला तेव्हा त्याचे दोन्ही तळवे लाल होते. दौलतच्या मागे अजून अकरा नावं होती, आणि ते सगळे पळत जाणारे.

साहेबांनी रंगवाल्यांच्या मुकादमाला बोलावून पंजाबीत जे काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. मग कागदावर दौलतच्या नावासमोर 'फिट' लिहिलं आणि विचारलं, "बीच बीम से पलटके आना, ये तो मैंने आज तक किसी को नहीं सिखाया. किसने सिखाया?"

नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र मी पाठीआडून पुढे आलो होतो. दौलतने माझ्याकडे पाहिलं. "हमारे मास्टर ने, साहब. और फुलबासन बाई ने." मग मला हळूच म्हणाला, "वरून पाह्यलं मास्तर. तुमी दिसले नाई."

"अटीच तं होतो रे."

"असन," तो म्हणाला.

एवढ्यात ग्रीशिन साहेब पुढे झाले. चार लोक होते, चाळीस होते. मी नकळत खांदा थोडा पुढे केला. साहेब माझ्याजवळून गेले आणि त्यांनी दौलतच्या खांद्यावर हात ठेवला. रशियनमध्ये काहीतरी बोलले.

कुमुदबाईंनी सांगितलं, "साहेब म्हणतात, हा आता शिकवू शकतो."

"हा म्हणजे कोण?" मी विचारलं. मला वाटलं, या वेळीही माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"दौलत," बाई म्हणाल्या. आणि बिचाऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

घरी आलो. यमुनाला सगळं सांगितलं, मागे सरकल्याचंही. ती तांदूळ चाळत होती. चाळणं थांबवून म्हणाली, "थो वर होता अन् तुमी मांगं लपले?"

"हाव."

"मंग बराबर केलं साहेबानं," आणि पुन्हा चाळायला लागली.

ग्रीशिन साहेब पुढच्याच आठवड्यात गेले. आम्ही सगळे दुर्गच्या स्टेशनवर त्यांना पोचवायला गेलो होतो. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. वर्ग कायमचा झाला, खलाशांसाठी, दौलतच्या नावाने. पी.टी. इन्स्ट्रक्टर म्हणून मला त्याच्या मदतीला दिलं. मला शिकवायची परवानगी पुढे चार वर्षांनी मिळाली, आणि ती दौलतने दिली. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. खलाशी, क्रेनवाले, नर्सबाया, एक गुडघेदुखीचे जनरल फोरमन, ज्यांना उभं राहता राहता झोप लागायची. मजेत गेलं आयुष्य, तक्रार नाही.

पण पहिल्या वर्गाचं सांगायचं राहिलं. सोमवारची सकाळ होती. वीस-बावीस खलाशी मैदानावर आले, तीन रांगा झाल्या. मी मुद्दामच शेवटच्या रांगेत, नळाजवळ जाऊन उभा राहिलो. परीक्षेपासून मी दौलतशी धड बोललो नव्हतो. तो समोर आला. धुतलेला शर्ट घातला होता, हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली आणि माझ्यापाशी थांबवली.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी पुढं या. पयल्या रांगेत उभे राहा. मले तुमी दिसले पाह्यजे."

सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. मी रांगांमधून वाट काढत पुढे गेलो, आणि त्याच्या समोर उभा राहिलो.